मोटराइज्ड पॅन हेडवरचा टाइमलॅप्स: थरथर, कलणारे क्षितिज आणि पॅनोरामिक व्हिडिओ

मूळ प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याने २८बीवायजे-४८ ही पाच व्होल्टची छोटी स्टेपर मोटर (ठराविक पावलांनी फिरणारी) आणि आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड वापरून घरीच पॅन हेड, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणारे हेड, तयार केले. ते ट्रायपॉडवर बसवून, त्यावर बॉल हेड (कॅमेरा कोणत्याही बाजूला कलवता येणारा सांधा) आणि फुल फ्रेम कॅमेरा लावून, २४ मिमी लेन्सने कासच्या पठारावरून उत्तरेकडच्या पावसाळी ढगांचा टाइमलॅप्स, म्हणजे ठराविक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेला वेगवान व्हिडिओ, घेतला. पॅन ६० अंशांचा, फ्रेम ३००, इंटरव्हल (दोन फ्रेममधला वेळ) ४ सेकंद. तयार क्लिपमध्ये चित्र थरथरत सरकते, क्षितिज हळूहळू जागा सोडून कलत जाते आणि उजेड लुकलुकतो. या तिन्ही गोष्टींवर उपाय काय, आणि याच हेडवर रुंद पॅनोरामिक व्हिडिओ करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

तिन्ही दोषांची कारणे वेगवेगळी आहेत, पण त्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते: हेडची गती मोटरच्या सोयीने ठरली आणि पडद्यावर काय दिसणार याचा हिशेब मागे राहिला. टाइमलॅप्समधल्या पॅनमध्ये दोन हालचाली एकाच वेळी चालू असतात, एक कॅमेऱ्याची आणि एक समोरच्या दृश्याची. पाहणाऱ्याला त्या वेगळ्या काढून दाखवता येत नाहीत. म्हणून दोन्हींचे गणित तयार क्लिपपासून मागे येत करावे आणि मोटरच्या सेटिंगला सर्वांत शेवटी हात लावावा.

तुमचेच आकडे घेऊ. आपल्याकडे व्हिडिओ सहसा सेकंदाला २५ फ्रेमने चालतो, त्यामुळे ३०० फ्रेमची क्लिप १२ सेकंदांची होते. ६० अंश १२ सेकंदांत म्हणजे पडद्यावर सेकंदाला ५ अंश आणि दर फ्रेमला ०.२ अंश. फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्स आडवे सुमारे ७४ अंश दाखवते, तेव्हा एका कडेला शिरलेले झाड दुसऱ्या कडेने बाहेर पडायला जवळजवळ १५ सेकंद घेईल. सिनेमाच्या छायाचित्रणात जुना दंडक आहे की, पॅन करताना स्थिर वस्तूला चौकट ओलांडायला किमान सात सेकंद तरी लागले पाहिजेत, नाहीतर कडा तुटक दिसू लागतात. टाइमलॅप्समध्ये ढगही पळत असल्यामुळे मी बारा ते पंधरा सेकंद धरतो. या हिशेबाने तुमची मूळ गती योग्यच होती. मात्र तीच गती ५० मिमी लेन्सवर ठेवली असती तर ४० अंशांची चौकट आठ सेकंदांत पार झाली असती, आणि ८५ मिमीवर पाच सेकंदांच्याही आत. म्हणून कोणी ‘मिनिटाला अमुक अंश’ असा तयार आकडा सांगितला, तर लेन्स आणि इंटरव्हल विचारल्याशिवाय तो स्वीकारू नये. चावीवर चालणारी, तासाला एक फेरा घेणारी स्वस्त हेड मिळतात, ती मिनिटाला ६ अंश फिरतात. तुमच्या २० मिनिटांच्या शूटमध्ये ती १२० अंश फिरली असती आणि २४ मिमी लेन्सवरसुद्धा सात सेकंदांची मर्यादा जेमतेम पाळली गेली असती.

मग गती बरोबर असून चित्र थरथरते का? याचे उत्तर मोटरच्या आत आहे. तुमच्या मोटरला अंतर्गत गिअरमुळे बाहेरचा दांडा पूर्ण एक फेरा फिरवायला हाफ-स्टेप (अर्ध्या-अर्ध्या पावलांनी चालवण्याच्या) पद्धतीत सुमारे ४०९६ पावले लागतात, म्हणजे एक पाऊल ०.०८८ अंशांचे. तुम्हाला दर फ्रेमला हवे आहेत ०.२ अंश, म्हणजे सव्वादोन पावलांहून किंचित जास्त. मोटर अपूर्ण पाऊल टाकू शकत नाही. प्रोग्राम ते पूर्णांकात बसवतो आणि मोटर दोन, दोन, दोन, तीन, दोन, दोन, तीन अशी चालते. दोन पावलांच्या फ्रेममध्ये एचडी चित्राच्या मधोमध दृश्य सुमारे ४ पिक्सेल सरकते आणि तीन पावलांच्या फ्रेममध्ये सुमारे ६ पिक्सेल. हा दोन पिक्सेलचा जादा झटका सेकंदाला सहा-सात वेळा बसतो, आणि नेमकी तीच थरथर तुम्हाला दिसते आहे. ट्रायपॉड बदलून किंवा एडिटिंगमध्ये स्टॅबिलायझर लावून ती पूर्ण जाणार नाही. शिवाय ढग हलत असल्याने स्टॅबिलायझर स्थिर काय धरायचे यातच गोंधळतो.

यावर विनाखर्चाचा उपाय असा की कोनाचा आग्रह सोडून पावलांचा धरावा: दर फ्रेमला बरोबर दोन पावले. ३०० फ्रेममध्ये पॅन ६० ऐवजी ५३ अंशांच्या जवळपास होईल आणि पाहणाऱ्याला सात अंशांची ही घट जाणवणारही नाही. थोडे काम करायची तयारी असेल तर मोटर आणि फिरती तबकडी यांच्यामध्ये दात्यांचा पट्टा आणि पुली लावून एकास पाच असे आणखी एक गिअरिंग द्यावे. मग एक पाऊल ०.०१८ अंशांच्या आत येते आणि पूर्णांकात बसवल्यामुळे होणारी तफावत अर्ध्या पिक्सेलच्या खाली जाते. कॅमेऱ्याचे वजन मोटरच्या दांड्यावर न टाकता बेअरिंगवर टाकता येते, हा त्याहून मोठा फायदा. पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सुटे भाग मिळतात. नवीनच हेड बांधायचे झाल्यास मी नेमा १७ ही मोठी स्टेपर मोटर आणि वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारा गिअर) घेईन, कारण वर्म गिअर सहसा वीज नसतानाही जागा धरून ठेवतो आणि वाऱ्याने कॅमेरा मागे ढकलला जात नाही.

गिअरच्या दात्यांमध्ये थोडा खेळ राहतोच. दिशा बदलली की मोटर काही पावले फिरते, पण कॅमेरा हलत नाही. त्यामुळे पॅनची पहिली जागा ठरवताना हेड तिच्या मागे नेऊन, ज्या दिशेने पॅन करायचा त्याच दिशेने परत त्या जागेवर आणावे आणि मगच पहिली फ्रेम घ्यावी. शिवाय पॅनच्या आधी आणि नंतर पन्नासेक फ्रेम हेड स्थिर ठेवून घ्याव्यात; एडिटिंगमध्ये त्या फार उपयोगी पडतात. सुरुवातीला आणि शेवटी गती हळूहळू वाढवणे-कमी करणे चांगले दिसते, पण ते तुमच्या मोटरवर एकास पाच गिअरिंग दिल्यानंतरच करावे. दोन पावलांवरून एका पावलावर येणे म्हणजे गती एकदम अर्धी करणे होय.

हेड सतत फिरते ठेवावे की फ्रेम घेताना थांबवावे, यावर बरेच मतभेद ऐकू येतात, पण आकडे मांडले तर वादाला फारशी जागा राहत नाही. तुमचे हेड मिनिटाला ३ अंश, म्हणजे सेकंदाला ०.०५ अंश फिरते. शटर अर्ध्या सेकंदाचे असेल तर तेवढ्या वेळात मूळ ६००० पिक्सेल रुंद फोटोत दोनहून कमी पिक्सेलची घसरण होते आणि एचडीमध्ये ती दिसतच नाही. शटर २ सेकंदांचे झाले की घसरण सात पिक्सेलची होते आणि ४के क्लिपमध्ये डोंगराच्या कडा मऊ पडतात. रात्री १५ सेकंदांच्या शटरला २० सेकंदांचा इंटरव्हल ठेवून हेच ६० अंश १०० मिनिटांत घेतले, तर हेड कितीतरी हळू चालत असूनही प्रत्येक फ्रेममध्ये जमीन दहा पिक्सेल फाटते. तेव्हा दिवसा, छोट्या शटरला, सतत फिरणारे हेड चालते आणि रात्री थांबत-थांबतच जावे लागते. थांबणाऱ्या पद्धतीत क्रम कायम एकच ठेवावा: हेड सरकते, अर्धा ते एक सेकंद स्थिरावते, मग शटर उघडते. हे घडवण्यासाठी कॅमेऱ्याला शटर केबलने हेडच्याच हुकमात ठेवावे. कॅमेऱ्याचा स्वतःचा इंटरव्हल टायमर आणि हेडचा टायमर स्वतंत्र चालवले, तर दोन घड्याळांमधला बारीक फरक साचत जातो आणि तासाभराने हेड उघड्या शटरमध्येच सरकू लागते. रात्री कॅमेऱ्यातले लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही (प्रत्येक फ्रेमनंतर तेवढ्याच वेळाची काळी फ्रेम घेऊन चित्रातले दाणे काढणारी सोय) बंद ठेवावे. ते चालू असेल तर १५ सेकंदांच्या फ्रेमला ३० सेकंद लागतात आणि सगळा क्रम कोलमडतो.

आता दृश्याची हालचाल. कासवर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिल्यास नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचे ढग डावीकडून उजवीकडे जातात. ढगाचा तळ डोक्यावर एक किलोमीटर आणि वारा सेकंदाला १० मीटर धरला, तर क्षितिजापासून २० अंश वर दिसणारा ढग सेकंदाला सुमारे ०.२ अंश सरकतो. तुमच्या ४ सेकंदांच्या इंटरव्हलमध्ये तो ०.८ अंश गेला, म्हणजे तुमच्या पॅनच्या चौपट. पॅन उजवीकडून डावीकडे केला तर दोन्ही गतींची बेरीज होऊन ढग तीन सेकंदांत चौकट ओलांडतात, आणि दोन सलग फ्रेममध्ये हाच ढग का दुसरा, हे डोळ्याला ठरवता येत नाही. पॅन ढगांच्या दिशेने केला तर वजाबाकी होते. ढग शांत वाटतात आणि त्यांच्याखालून डोंगर सरकतात. पावसाळी ढगांसाठी मला हेच अधिक आवडते, कारण त्यांचा आकार आणि वजन नजरेत भरते. मात्र अशा खालून धावणाऱ्या ढगांना इंटरव्हल दीड सेकंदाच्या वर नेऊ नये. ऑक्टोबरनंतरच्या उंच, विरळ ढगांना ५ ते ८ सेकंद चालतात. दीड सेकंदाला ३०० फ्रेम साडेसात मिनिटांत होतात आणि तेच ६० अंश फिरायला हेडला मिनिटाला ८ अंशांची गती लागते. पडद्यावरची पॅनची गती तीच राहते. लोक नेमके इथे फसतात: इंटरव्हल बदलला की मोटरचा आकडाही बदलावा लागतो, स्थिर राहतो तो दर फ्रेममागचा कोन.

ढग वेगात असताना १/५०० सारखे शटर ठेवले तर प्रत्येक फ्रेम सुरेख, पण क्लिप ठेचकाळत चालते. इंटरव्हलच्या एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत शटर उघडे ठेवले की ढगांना ओढ येते आणि हालचाल वाहती होते. ढगाळ दुपारी आयएसओ १०० आणि एफ-८ ला १/६० सेकंद मिळत असेल, तर अर्ध्या सेकंदावर यायला पाच स्टॉप रोखावे लागतात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). त्यासाठी उजेड ३२ पट कमी करणारा एनडी-३२ हा राखी फिल्टर पुरतो. तो ठराविक घनतेचाच घ्यावा. फिरवून कमीजास्त होणारा एनडी आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) या दोन्हींचा परिणाम सूर्याशी होणाऱ्या कोनावर अवलंबून असतो, त्यामुळे निळे आकाश दिसत असताना कॅमेरा पॅन होऊ लागला की आकाशातला गडद पट्टा चौकटीत भटकतो आणि नंतर तो दुरुस्त करता येत नाही.

क्षितिजाचा दोष बॉल हेडमुळे आला आहे. तुम्ही पॅन हेडच्या वर बसवलेल्या बॉल हेडने कॅमेरा पाणसळीत आणला. त्यामुळे पहिली फ्रेम सरळ आली, पण ज्या अक्षाभोवती सगळे फिरते तो अक्ष कललेलाच राहिला. अक्ष दोन अंशांनी कललेला असेल, तर हेड ९० अंश फिरेपर्यंत जो कल समोर होता तो बाजूला येतो, म्हणजे क्षितिज काही अंशी वर किंवा खाली सरकते आणि काही अंशी तिरपे होते. ६००० पिक्सेलच्या फोटोत दोन अंश म्हणजे सुमारे १४० पिक्सेल, तेव्हा ते कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. उपाय असा की पाणसळ पॅन हेडच्या खाली करावी, म्हणजे ट्रायपॉड आणि हेड यांच्यामध्ये लेव्हलिंग बेस लावून, किंवा तो नसेल तर पायांची उंची धीराने जुळवून. नंतर हेड पूर्ण पल्ल्यात फिरवून बुडबुडा दोन्ही टोकांना मधोमध राहतो का ते पाहावे. कासच्या सड्यावर मातीचा थर पातळ असतो आणि पावसात तो मऊ पडतो, म्हणून पाय उघड्या जांभ्या खडकावर टेकवावेत. अर्ध्या तासात एक पाय दोन मिलिमीटर खचला तरी सगळी मेहनत वाया जाते. आकाश जास्त घ्यायचे म्हणून कॅमेरा वर उचलला तर अक्ष उभा असेपर्यंत क्षितिज सरळच राहते, पण कडेची झाडे आत झुकतात आणि पॅन होताना त्यांचा झुकाव बदलत जातो. म्हणून कॅमेरा शक्यतो आडवा सरळ ठेवून नंतर खालचा भाग कापलेला बरा.

लुकलुकण्याबद्दल मूळ नियम तुम्हाला ठाऊक असावेत: एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळे मॅन्युअल, स्टॅबिलायझेशन बंद, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये). हे सर्व करूनही बारीक फ्लिकर (लुकलुक) राहतो, कारण एफ-८ ला लेन्सच्या पात्या प्रत्येक फ्रेमला नव्याने मिटतात आणि दर वेळी केसभर वेगळ्या जागी थांबतात. हाताने अपर्चर फिरवायची जुनी लेन्स अडॅप्टरने लावली किंवा अपर्चर पूर्ण उघडे ठेवून जास्त घनतेचा एनडी लावला, तर हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. उरलासुरला फ्लिकर एलआरटाइमलॅप्ससारखे सॉफ्टवेअर काढून टाकते.

पॅनमध्ये एक अडचण मात्र जास्तीची असते. स्थिर टाइमलॅप्समध्ये उजेड काळानुसार बदलतो, पॅनमध्ये तो दिशेनुसारही बदलतो. संध्याकाळी दक्षिणेकडून पश्चिमेकडे ६० अंश वळताना आकाश कित्येक स्टॉपने उजळ होते. अशा वेळी ऑटो एक्स्पोजर लावला तर ढगाची उजळ कड चौकटीत शिरताच सगळा डोंगर काळा पडतो. मी पॅनच्या दोन्ही टोकांना आधी मोजून घेतो, उजळ टोकाला पांढरे जळणार नाही एवढे एक्स्पोजर पूर्ण शूटला कायम ठेवतो आणि गडद टोक नंतर रॉमधून सावकाश उचलतो. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभा खाली जातो आणि मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधारू लागते, तेव्हा सूर्यास्तापलीकडे जाणारा पॅन असेल तर शटर आणि आयएसओ टप्प्याटप्प्याने वाढवण्याला पर्याय नाही. ते दर काही फ्रेमला एक तृतीयांश स्टॉप असे वाढवून नंतर सॉफ्टवेअरने सलग करावे.

वारा, केबल आणि वीज यांबद्दल थोडक्यात. ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला टांगलेली बॅग वाऱ्यात झुलून उलट कंप निर्माण करते, ती जमिनीला टेकलेली असावी. शटर केबल आणि पॉवरची वायर कॅमेऱ्याच्या प्लेटला बांधून पुढे सैल सोडावी आणि हेड एकदा पूर्ण फिरवून ती कुठे अडकत नाही हे पाहावे. बऱ्याच पॉवर बँका कमी करंट लागत असला की आपोआप बंद होतात; थांबत-थांबत चालणाऱ्या हेडला हे हमखास नडते, म्हणून निघण्याआधी घरी पूर्ण वेळाची चाचणी करावी.

आता पॅनोरामिक व्हिडिओ. या नावाखाली दोन निराळी कामे येतात. पहिले म्हणजे हेड सावकाश फिरवत सरळ व्हिडिओ घेणे. त्यालाही सात सेकंदांचा दंडक लागू आहे. शटर १/५० ठेवावे, ते आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्यांनाही जुळते. तुमची मोटर यासाठी मला पसंत नाही. तिची पावले व्हिडिओत दिसतात आणि तिचा आवाज माइकमध्ये येतो. गवताळ पठारावर पॅन करताना प्रत्येक पाते हलत असल्याने मोबाइलच्या कमी बिटरेटमध्ये चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, तेही ध्यानात ठेवावे.

दुसरे काम अधिक मोलाचे आहे: प्रत्येक फ्रेमसाठी हेड तीन-चार जागी थांबवून फोटो घ्यायचे, ते जोडायचे आणि अशा जोडचित्रांचा टाइमलॅप्स करायचा. कॅमेरा उभा धरला तर २४ मिमी लेन्स आडवे ५३ अंश दाखवते. ३० टक्के ओव्हरलॅप ठेवून ३७-३७ अंशांवर चार जागा घेतल्या की १६४ अंशांचा पट मिळतो. इथे पॅरलॅक्स, म्हणजे कॅमेऱ्याची जागा बदलल्याने जवळच्या वस्तू लांबच्यांच्या तुलनेत सरकणे, टाळणे अत्यावश्यक होते. कॅमेरा लेन्सच्या प्रवेश-छिद्राभोवती (लेन्समध्ये समोरून पाहिल्यावर अपर्चर जिथे दिसते त्या जागेभोवती) फिरला पाहिजे. लोक त्याला नोडल पॉइंट म्हणतात. तो ८ सेंटिमीटरने चुकला, तर दोन मीटरवरची वस्तू दोन जागांमध्ये शंभराहून अधिक पिक्सेल सरकते, पण शंभर मीटरवरची जेमतेम दोन-तीन. म्हणून समोर जवळचे काही नसेल तर काळजी नको, नाहीतर स्लाइड लावून एक जवळची आणि एक लांबची उभी काठी एका रेषेत धरावी आणि हेड वळवल्यावरही त्या एका रेषेत राहीपर्यंत कॅमेरा मागे-पुढे करावा. फोटो नेहमी एकाच दिशेने घ्यावेत आणि हेड पहिल्या जागी परत आणावे. जाताना आणि येताना दोन्हीकडून घेतले तर टोकांच्या जागांना इंटरव्हल असमान मिळतो आणि गिअरमधला खेळही आडवा येतो.

तुमच्या हेडची खरी मर्यादा वेगाची आहे. एकास पाच गिअरिंग दिल्यावर ते सेकंदाला १२ अंशांच्या आसपास फिरेल. चार जागा, प्रत्येक ठिकाणी स्थिरावण्याचा वेळ आणि परतीचा प्रवास मिळून एक चक्र सुमारे २५ सेकंदांचे होईल. शेजारच्या दोन फोटोंमध्ये चार-पाच सेकंद जातील आणि तेवढ्यात कासवरचा तो ढग एक अंश पुढे गेलेला असेल, म्हणजे जोडावर सत्तरेक पिक्सेल तुटलेला. पावसाळी ढगांसाठी ही पद्धत या हेडवर शक्य नाही. सिंहगडावरून पुण्याचे दिवे लागतानाचा रुंद टाइमलॅप्स करावा म्हटले, तर संधिप्रकाशाच्या वीस-पंचवीस मिनिटांत फक्त पन्नास-साठ फ्रेम हाती येतील, म्हणजे क्लिप दोन सेकंदांची. त्यासाठी नेमा १७ चे वेगवान हेडच लागेल. आहे त्या मोटरवर हे काम करायचे असेल तर हिवाळ्यातला निरभ्र दिवस आणि सह्याद्रीची एखादी खोल दरी निवडा. २५ सेकंदांच्या चक्राने ३०० फ्रेम घ्यायला सव्वादोन तास पुरतात, तेवढ्या वेळात सूर्य तीसेक अंश सरकतो आणि कड्यांच्या सावल्या दरीच्या एका भिंतीवरून उतरून तळाशी पोचतात. आकाश कोरे असल्याने जोडावर तुटण्यासारखे त्यात काही नसते.